एक मासा मारायला बंदी, दुसरा मारायची सक्ती! यलोस्टोनच्या ओढ्यांमध्ये चाललंय तरी काय?

समजा, तुम्ही अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये आहात. लामार नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभे आहात. पाणी इतकं गार की पाय बधिर झालेत. आणि अशात गळाला मासा लागलाय. चांगला हातभर आहे. आता काय करायचं?

आधी त्याच्या जबड्याखाली बघायचं. तिथे गळा चिरल्यासारखी लाल-केशरी रेघ दिसली तर तो कटथ्रोट ट्राऊट. नावच त्यावरून पडलंय. हा मासा घरी न्यायचा नाही, तळायचा नाही, फोटोसाठी फार वेळ पाण्याबाहेर धरायचाही नाही. गळ काढायचा आणि जिवंत सोडून द्यायचा. पण रेघ नाही आणि अंगावरून गुलाबी पट्टा गेलाय, परांची टोकं पांढरी आहेत, तर तो रेनबो ट्राऊट. त्याला मारायचं. ‘बिचारा, जाऊ दे’ म्हणून सोडून दिलात, तर नियम तुम्हीच मोडला.

दोन्ही ट्राऊटच. दोन्ही अमेरिकेतलेच. नवख्या माणसाला भावंडं वाटावीत इतके सारखे. तरी एकाला अभय आणि दुसऱ्याला फाशी, असं का? या ‘का’मागे सव्वाशे वर्षांची गोष्ट आहे. तिच्यात लष्करातला एक कॅप्टन आहे, भुकेली अस्वलं आहेत, आणि शेवटी लोणावळाही आहे.

पण सुरुवात गळापासून करू.

माशी लावून मासा

आपल्याकडे गळ म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते गांडूळ, कणकेची गोळी नाहीतर कोळंबीचा तुकडा. तंगूसाला शिशाचा तुकडा बांधायचा आणि फेकायचं. वजन पुढे जातं, त्याच्यामागे तंगूस जातो.

फ्लाय फिशिंगमध्ये हे सगळं उलटं असतं. इथे आमिष म्हणजे ‘फ्लाय’. बारीकशा गळावर पिसं, हरणाचे केस, लोकर, रंगीत दोरा गुंडाळून तयार केलेला खोटा किडा. त्याला वजन जवळपास नसतंच. कोंबडीचं पीस जोरात फेकून बघा, किती लांब जातं ते कळेल. म्हणून वजन दोरीलाच दिलेलं असतं. ही दोरी जाड असते, वरून प्लास्टिकचा लेप असतो. लांब, लवचिक काठीने ती मागे-पुढे झुलवायची. दोरीचा वेटोळा हवेत उलगडत पुढे जातो आणि टोकाला बांधलेली माशी पाण्यावर अलगद उतरते. जाड दोरी आणि माशी यांच्यामध्ये केसासारखा बारीक, पारदर्शक तंगूस असतो, कारण ती जाड दोरी माशाला दिसली की खेळ संपला.

हा उद्योग नवा नाही. मॅसिडोनियातले लोक लाल लोकर आणि कोंबड्याची पिसं गळाला बांधून ठिपक्यांचे मासे पकडतात, असं वर्णन इलियन नावाच्या रोमन लेखकाने सुमारे अठराशे वर्षांपूर्वी करून ठेवलंय. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापलेल्या एका ग्रंथात तर बारा प्रकारच्या माश्या कशा बांधायच्या याच्या कृती आहेत. पाककृती द्याव्यात तशा.

पण खोट्या माशीने मासा फसतो कसा? त्यासाठी ट्राऊट खातो काय ते बघावं लागेल. डोंगरातल्या गार ओढ्यात दगड उचलून उलटा केला तर खाली वळवळणारे किडे दिसतात. मेफ्लाय, कॅडिस, स्टोनफ्लाय अशी त्यांची नावं. हे किडे आयुष्याचा बहुतेक काळ पाण्याखाली काढतात आणि मग ठरावीक दिवसांत, ठरावीक तासांत हजारोंच्या संख्येने वर येऊन पंख सुकवतात आणि उडून जातात. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर संध्याकाळी वाळवीचे पंखवाले किडे दिव्याभोवती निघतात ना, तसंच काहीसं. पंख सुकेपर्यंतचे ते काही क्षण किडा पाण्यावर असहाय बसलेला असतो, आणि ट्राऊट खालून येऊन त्याला टिपतो.

अशा वेळी ट्राऊटला फक्त तोच किडा हवा असतो. शेजारून दुसरा, मोठा किडा गेला तरी तो ढुंकून बघत नाही. म्हणून गळवाला आधी पाण्याकडे टक लावून बघतो, आज काय निघालंय त्याचा अंदाज घेतो आणि डबीतून त्याच रंगाची, त्याच आकाराची माशी काढतो. ऑगस्टमध्ये मात्र काम सोपं होतं. काठावरच्या सुकलेल्या गवतातले नाकतोडे वाऱ्याने पाण्यात पडतात आणि मोठमोठे ट्राऊट काठाला येऊन थांबतात. तेव्हा नाकतोड्यासारखी दिसणारी ओबडधोबड माशीही चालून जाते.

माशाला तुम्ही दिसता

ट्राऊट नेहमी प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला तोंड करून उभा असतो, कारण खाणं वाहत समोरून येतं. म्हणून त्याच्याकडे खालच्या अंगाने, म्हणजे पाठीमागून जायचं. पाण्यातून वर बघताना माशाला बाहेरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो म्हणून असं होतं. या खिडकीच्या कडेला, जमिनीलगत असलेल्या गोष्टी दबलेल्या आणि अंधुक दिसतात. म्हणजे ओणवं होऊन, गुडघ्यांवर रांगत गेलात तर तुम्ही सुटता. ताठ उभं राहून काठी फिरवली की मासा गायब. भारी जॅकेट घालून गवतात रांगणारी पन्नाशीची माणसं बघितली की हसू येतं खरं, पण त्यामागे भौतिकशास्त्र आहे.

त्याहून अवघड भाग पुढे आहे. ओढ्याचं पाणी सगळीकडे सारख्या वेगाने वाहत नाही. मध्ये धार जोरात, कडेला संथ, दगडामागे तर उलटा भोवरा. तुमची दोरी या सगळ्यांवर आडवी पडलेली असते. मधली धार दोरीला ओढते, दोरी माशीला ओढते, आणि खोटा किडा पाण्यावरून खरवडत जायला लागतो. खरा किडा असा कधीच जात नाही. ट्राऊटला एवढा एक इशारा पुरतो. म्हणून माशी उतरल्या क्षणी काठीच्या टोकाने दोरी वरच्या अंगाला उचलून टाकायची, म्हणजे माशीला दोन-तीन सेकंद मोकळं वाहता येतं. सगळी कसरत त्या दोन-तीन सेकंदांसाठी.

आणि कटथ्रोट असेल तर अजून एक गंमत. तो घाईत झडप घालत नाही. सावकाश वर येतो, तोंड उघडतो, माशी घेतो, तोंड मिटतो. उतावळा माणूस तोंड उघडं असतानाच काठी उचलतो आणि माशी रिकामी परत येते.

लामारला मिळणाऱ्या स्लॉ क्रीक या ओढ्यावर हे सगळं करायला जगभरातून लोक येतात. रस्ता सोडून तिथे चालत जावं लागतं. पहिलं कुरण तीनेक किलोमीटरवर आहे, दुसरं आणि तिसरं त्याच्या बरंच पुढे. ओढा गवताच्या मैदानातून नागमोडी वाहतो, पाणी काचेसारखं. बायसनचे कळप अधूनमधून वाटेत ठाण मांडून बसलेले असतात. १९९५ मध्ये कॅनडातून आणलेले लांडगे याच भागात सोडले होते. अस्वलाचा फवारा, म्हणजे मिरचीचा जोरदार स्प्रे, कमरेला हवा. पार्कचा नियम आहे की अस्वल आणि लांडग्यांपासून किमान शंभर यार्ड लांब राहायचं, म्हणजे साधारण नव्वद मीटर. इतकी यातायात करून एक मासा पकडायचा आणि तो परत पाण्यात सोडायचा. ज्यांच्या घरी सुरमईच्या तुकड्यावरून भांडणं होतात त्यांना हे पटणं कठीण आहे, हे मान्य.

कटथ्रोट इथे आला कसा?

यलोस्टोन नदी पुढे मिसुरीला मिळते, मिसुरी मिसिसिपीला, आणि ते पाणी अटलांटिकच्या बाजूला जातं. यलोस्टोन तलाव मात्र या नदीवर खूप वर, समुद्रसपाटीपासून सुमारे २,३५० मीटरवर आहे. तलावातून बाहेर पडलेली नदी खाली दोन मोठ्या धबधब्यांवरून कोसळते. त्यातला खालचा तर ९४ मीटरचा. खालून वर मासा चढणं अशक्य. तरीही तलाव कटथ्रोटने भरलेला होता. मग हे मासे आले कुठून?

उत्तर पार्कच्या दक्षिणेला ‘टू ओशन पास’ या खिंडीत आहे. तिथे डोंगरातून उतरणारा एक ओढा खिंडीत येऊन चक्क दोन भागांत फुटतो. एक फाटा अटलांटिककडे जातो, त्याचं नाव अटलांटिक क्रीक. दुसरा पॅसिफिककडे, त्याचं नाव पॅसिफिक क्रीक. आपल्या महाबळेश्वरातून एक नदी पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाते आणि दुसरी पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे, हे आपण शाळेत शिकतो. इथे एकच ओढा दोन महासागरांत वाटला जातो. हिमयुगातलं बर्फ वितळल्यावर पॅसिफिकच्या बाजूचे कटथ्रोट या खिंडीतून पलीकडे उतरले आणि यलोस्टोनच्या पाण्यात पसरले. मासे धबधबा चढू शकत नाहीत, पण उतरू शकतात. अशा रीतीने ते खाली लामार आणि स्लॉ क्रीकपर्यंत पोचले.

त्यानंतर हजारो वर्षं त्यांना ट्राऊटमधला कोणी स्पर्धक नव्हता. तलावातले कटथ्रोट उन्हाळ्याच्या सुरुवातीला तलावाला मिळणाऱ्या उथळ ओढ्यांमध्ये चढून अंडी घालत. कोकणात आणि घाटावर पहिल्या पावसात चढणीचे मासे येतात, लोक ओढ्यावर गर्दी करतात, ते चित्र आठवा. फक्त इथे गर्दी करायची ती ग्रिझली अस्वलं, पाणमांजरं, गरुड, मासेमार ऑस्प्रे आणि पेलिकन.

कॅप्टनसाहेबांची ऑर्डर

यलोस्टोन १८७२ मध्ये स्थापन झालं. जगातलं पहिलं नॅशनल पार्क. १८८६ पासून तिथला कारभार अमेरिकन लष्कर बघायचं. १८८९ मध्ये कॅप्टन बुटेल हे प्रमुख होते. त्यांच्या लक्षात आलं की पार्कमधल्या कितीतरी ओढ्यांत आणि तळ्यांत मासेच नाहीत. खरंच, धबधब्यांमुळे पार्कमधलं सुमारे चाळीस टक्के पाणी मत्स्यहीन होतं. पर्यटक एवढ्या लांबून येतात, त्यांना गळ टाकायला मासे नकोत का? त्यांनी सरकारच्या मत्स्यविभागाकडे मागणी केली आणि मासे यायला लागले. ब्रूक ट्राऊट, ब्राऊन ट्राऊट, रेनबो, लेक ट्राऊट.

तेव्हा हे सगळ्यांनाच पुण्याचं काम वाटत होतं. रिकाम्या ओढ्यात मासे सोडणं म्हणजे माळावर झाडं लावण्यासारखं. १९५०च्या दशकात हे थांबेपर्यंत पार्कच्या पाण्यात तीस कोटींहून जास्त मासे सोडले गेले होते. दुसरीकडे यलोस्टोन तलावातल्या कटथ्रोटची ऐंशी कोटींहून जास्त अंडी गोळा करून देशभरातल्या हॅचरींना पाठवली गेली. पार्क म्हणजे एकाच वेळी माशांचं दुकानही होतं आणि गोदामही.

रेनबो आणि कटथ्रोट हे जवळचे नातेवाईक. एका ओढ्यात आले की त्यांची मिश्र संतती होते, आणि ती संततीही पुढे प्रजनन करू शकते. काही पिढ्यांनी शुद्ध कटथ्रोट उरतच नाही. एकही मासा मेलेला नसतो आणि तरी एक जात संपलेली असते. लामारच्या खोऱ्यात हीच भीती आहे. म्हणून लामार नदीवरच्या पुलाच्या वरच्या अंगाला रेनबो, ब्रूक आणि ओळखू येणारे संकर हे सगळे मारायचे, असा नियम.

ब्रूक ट्राऊट संकर करत नाही, जागा बळकावतो. सोडा ब्यूट क्रीक या ओढ्यात तो शिरला तेव्हा पार्कने आधी तिथले कटथ्रोट पकडून बाजूला ठेवले आणि २०१५ व २०१६ मध्ये ओढ्यात रोटेनोन सोडलं. हे काही झाडांच्या मुळांमधून मिळणारं द्रव्य आहे. त्याने माशाच्या शरीराला ऑक्सिजन वापरता येत नाही. आपल्याकडेही आदिवासी भागांत झाडांच्या साली आणि फळं कुटून पाण्यात टाकून मासे गुंगवतात, त्याच जातीची युक्ती. ब्रूक मेले, मग बाजूला ठेवलेले कटथ्रोट परत सोडले.

१९९४ चा मासा

लामारची लढाई छोटी वाटावी असं संकट वरच्या तलावात उभं राहिलं.

१९९४ च्या उन्हाळ्यात यलोस्टोन तलावात एकाच्या गळाला लेक ट्राऊट लागला. हा मासा तिथे असायलाच नको होता. १८९० मध्ये तो शेजारच्या लुइस आणि शोशोन तळ्यांत सोडला होता, यलोस्टोन तलावात नाही. पुढे माशांच्या कानातल्या हाडासारख्या खड्यांची रासायनिक तपासणी झाली. हे खडे झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे वाढतात आणि मासा कुठल्या पाण्यात वाढला याची खूण ठेवतात. त्यातून निघालं की १९८०च्या दशकात लुइस तळ्यातले मासे इकडे आणले गेले असावेत. आपोआप येणं अवघड होतं. कुणीतरी हौसेने आणून टाकले, असंच बहुतेकांचं मत आहे. कोण ते कळलेलं नाही.

लेक ट्राऊट मोठा होतो, दीर्घायुषी असतो आणि मासे खातो. पार्कच्या अंदाजानुसार एक प्रौढ लेक ट्राऊट वर्षाला सरासरी ४१ कटथ्रोट फस्त करतो. त्यात १९९८ मध्ये तलावातल्या कटथ्रोटमध्ये ‘व्हर्लिंग डिसीज’ सापडला. युरोपातून आलेला परजीवी, ज्याने पिल्लाच्या कण्यावर आणि कवटीवर परिणाम होऊन ते भोवऱ्यासारखं गोल गोल फिरत राहतं.

परिणाम काय झाला? क्लिअर क्रीक हा तलावाला मिळणारा एक ओढा आहे. १९७८ मध्ये अंडी घालायला त्यात सत्तर हजारांहून जास्त कटथ्रोट चढले होते. २००७ मध्ये मोजले तेव्हा भरले ५३८.

कुणी म्हणेल, कटथ्रोट गेला, लेक ट्राऊट आला, मासा तो मासाच. अस्वलाला काय फरक पडतो?

पडतो, आणि खूप पडतो. कटथ्रोट उथळ ओढ्यात चढतो, पंजाने पकडता येतो. लेक ट्राऊट सगळं आयुष्य तलावातच, आणि बहुतेक वेळ खोल पाण्यात काढतो. अंडीही तिथेच घालतो. अस्वल पाणबुडी नाही. ऑस्प्रे फार तर हातभर खोल सूर मारतो. म्हणजे तलावात मासे होते, पण काठावरच्या प्राण्यांसाठी ताट रिकामं. ऑस्प्रेची घरटी कमी झाली. अस्वलं ओढ्यांवर यायची थांबली आणि दुसरं काहीतरी शोधायला लागली. ते त्यांना सापडलं एल्कच्या पाडसांमध्ये. एल्क म्हणजे आपल्या सांबराहून मोठं हरीण. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडलं गेलं की कटथ्रोट घटल्यावर ग्रिझलींनी एल्कची पाडसं जास्त मारायला सुरुवात केली आणि स्थलांतर करून येणाऱ्या एल्कच्या कळपांना त्याचा फटका बसला. तलावात कुणीतरी बादलीभर मासे ओततो आणि डोंगरावरचं हरणाचं पाडस मरतं.

पकडून सोडलेला मासा जगतो का?

हा प्रश्न रास्त आहे. तोंडात गळ अडकवून ओढायचं आणि मग ‘जा बाबा’ म्हणायचं, यात दया कुठली?

१९८०च्या दशकात तलावाच्या खाली यलोस्टोन नदीच्या एका लोकप्रिय पट्ट्यात याचा अभ्यास झाला होता. तिथला एक कटथ्रोट एका हंगामात सरासरी नऊ ते दहा वेळा पकडला जात होता! आणि दर पकडीमागे मरणाऱ्यांचं प्रमाण एका टक्क्याहूनही बरंच कमी निघालं. जिवंत आमिष लावलं की मासा गळ गिळतो आणि तो पोटात जाऊन अडकतो. माशी मात्र बहुतेक वेळा ओठातच अडकते. म्हणूनच पार्कमध्ये गांडूळ वगैरे चालत नाही, गळाच्या टोकाचा उलटा काटा दाबून सपाट करावा लागतो, आणि शिशाचं वजन वापरायला बंदी आहे. मासा हाताळायचा तर हात ओले हवेत, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच थर त्याला रोगांपासून वाचवतो.

पण हे गणित पाणी गार असेल तोवरच जमतं. पाणी जसं तापतं तसा त्यातला ऑक्सिजन कमी होतो, आणि माशाची गरज मात्र वाढते. पाणी वीस अंशांच्या आसपास गेलं की ट्राऊटची दमछाक होते. अशा वेळी गळाशी झुंजलेला मासा सोडल्यावर पोहत गेलेला दिसतो आणि नंतर कुठेतरी मरतो. २०२१ च्या उन्हाळ्यात नद्या इतक्या तापल्या की पार्कने दुपारी दोनपासून दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत नद्या-ओढ्यांवर मासेमारी बंद केली होती.

माशाला वेदना होते का, यावर शास्त्रज्ञांमध्ये वाद आहे आणि तो मिटलेला नाही. मला विचाराल तर केवळ मजेसाठी एखाद्या जिवाला दमवणं यात थोडी खोट आहेच. पण त्याच वेळी हेही खरं की तलावातला पहिला लेक ट्राऊट एका गळवाल्याच्याच हाती लागला होता. ओढ्यात तासन्‌तास उभं राहणारा माणूस पाण्यातला बदल अनेकदा सगळ्यांच्या आधी बघतो. याचं दुसरं उदाहरण आपल्या देशात आहे.

आणि आता लोणावळा

हिमालयात काश्मीरमध्ये, हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात, दक्षिणेत निलगिरीत ट्राऊट आहे. तो इंग्रजांच्या काळात बाहेरून आणलेला. महाराष्ट्राचं पाणी ट्राऊटसाठी फार कोमट. आपल्याकडे गळवाल्यांचं स्वप्न म्हणजे महसीर.

निळ्या परांच्या महसीरचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८३९ मध्ये झालं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. धरणं आणि प्रदूषणाने तो कमी होत चालला, तेव्हा लोणावळ्याजवळ वळवण इथे टाटांच्या हॅचरीत १९७०च्या दशकापासून त्याची पैदास सुरू झाली. काम चांगलं होतं, नावाजलं गेलं. तिथली पिल्लं देशभर पाठवली गेली, तशी कर्नाटकात कावेरीतही सोडली गेली. महसीर वाढावा हाच हेतू.

पण कावेरीत स्वतःचा वेगळा महसीर होता. पाठीवर कुबड, नारिंगी पर, जगात फक्त कावेरीच्या खोऱ्यात सापडणारा आणि पन्नास किलोच्या वर जाणारा. गळवाल्यांच्या एका कॅम्पवर १९९८ पासून २०१२ पर्यंत पकडून सोडलेल्या प्रत्येक माशाची वहीत नोंद ठेवली जायची. संशोधकांनी त्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की निळ्या परांचे मासे वाढत गेलेत आणि कुबडवाले जवळपास दिसेनासे झालेत. २०१८ मध्ये कुबडवाल्या महसीरला ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवलं गेलं. कावेरीत धरणं, वाळूउपसा, स्फोटकांनी मासेमारी हे सगळं होतंच, दोष एकट्या पाहुण्या माशाचा नाही. पण मुळा-मुठेतला आपला मासा कावेरीत जाऊन यलोस्टोनच्या लेक ट्राऊटच्या भूमिकेत उभा राहिला, हे नाकारता येत नाही.

मग तलावाचं पुढे काय झालं?

यलोस्टोनने लेक ट्राऊटविरुद्ध युद्धच पुकारलं. उन्हाळ्यात बर्फ वितळलं की बोटी निघतात आणि तलावात मैलोन्‌मैल जाळी लागतात. १९९४ पासून आतापर्यंत चाळीस लाखांहून जास्त लेक ट्राऊट काढले गेलेत. २०१७ मध्ये तर एकाच वर्षात जवळपास चार लाख. मारलेले बहुतेक मासे परत तलावाच्या तळाला सोडतात, म्हणजे त्यांच्यातलं पोषण तलावातच राहतं. काही लेक ट्राऊट पकडून त्यांच्या पोटात रेडिओ ट्रान्समीटर बसवतात आणि सोडून देतात. तो मासा शरद ऋतूत अंडी घालायला आपल्या भाऊबंदांच्या घोळक्यात जातो, मागून बोट जाते आणि जाळी तिथेच पडतात. असल्या माशांना तिथे ‘जूडास फिश’ म्हणतात. फितूर मासा.

गळवाल्यालाही सूट नाही. यलोस्टोन तलावात लेक ट्राऊट लागला तर मारायचाच.

आता कटथ्रोट हळूहळू वाढतायत. तलावात लहान वयाचे मासे दिसायला लागलेत, काही ओढ्यांत परत चढण दिसते. पण १९७८ चे आकडे अजून खूप लांब आहेत. जाळी थांबवली तर लेक ट्राऊट पुन्हा उसळतील. म्हणून पार्क आता अंड्यांच्या मागे लागलंय. लेक ट्राऊट तलावाच्या तळाशी दगडांच्या फटींत अंडी घालतो. या जागा ठरलेल्या आणि मोजक्या आहेत. आधी मारलेल्या लेक ट्राऊटचे दळलेले तुकडे त्या दगडांवर टाकून बघितले. ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि खालची अंडी गुदमरून मरतात. उपाय चालतोय असं दिसल्यावर पुढे सोयाबीन आणि गव्हाच्या गोळ्या करून हेलिकॉप्टरने टाकायला सुरुवात झाली.